रविवारी आराम, असं ठरलं होतं

नर्मदा परिक्रमा पायी करायची म्हटलं की सल्ल्यांना तोटा नाही. वाट 2600 किलोमीटरच्या वर, मैया कायम उजव्या हाताला, तिला ओलांडायचं नाही, फक्त समुद्राजवळ नावेतून पलीकडं जायचं. कुठं सदाव्रत म्हणजे फुकट शिधा मिळतो, कुठं आपले टिक्कड, म्हणजे जाड रोट्या, आपणच भाजायचे. ज्यानं ओंकारेश्वरसुद्धा एसी गाडीतून पाहिलं, तोही हे तोंडपाठ सांगतो. सुटीच्या दिवशी चालणाऱ्याचं काय होतं, याबद्दल मात्र सगळे चूप.

कार्तिकी एकादशीनंतर निघायचं, म्हणून सराव दिवाळीच्या आधी. भाच्यानं तक्ता करून दिला. तो अमेरिकेतल्या साडेतीन हजार किलोमीटरच्या अपालाचियन ट्रेलचे व्हिडिओ बघतो, त्यामुळे आमच्या घरात तज्ज्ञ. सहा दिवस चाल, रविवारी झीरो डे. त्या दिवशी शून्य किलोमीटर. थकलेले स्नायू सावरतात, फोड वाळतात. माणसानं कपडे धुवावे, जेवावं अन् आडवं व्हावं. परिक्रमेतला हा भाग मला फार आवडला.

चालण्याचं म्हणाल तर प्रतापनगरहून अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्सचा चढ अन् परत. पाठीवरच्या सॅकमध्ये आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा भार, सध्या पाण्याच्या बाटल्यांचा. नागपुरात धडधाकट माणूस सामान घेऊन पायी दिसला की लोकांना चैन पडत नाही. ऑटोवाले "बसस्टँड का, काका?" म्हणत बाजूबाजूनं येतात. ओळखीचे लोक गाडी थांबवतात.

"बसा ना जी, सोडून देतो."

"नाही, मी चालून राहिलो."

"काहून? गाडी बिघडली का?"

फुटाळ्यावर भेटलेल्या एका सद्गृहस्थांनी तर परस्पर घरी फोन लावला. "वहिनी, भाऊ सामान घेऊन निघालेले दिसले. सगळं बरं आहे ना?"

पण हे सोसवतं. रविवार सोसवत नाही. दिवाळीच्या तोंडावरचा रविवार म्हणजे घराची साफसफाई, अन् आमच्याकडं त्यातलं मुख्य कलम म्हणजे खिडकीतला कूलर उतरवणं. तिन्ही बाजूंच्या जाळ्या काढा, उन्हाळाभर पाणी पिऊन काळं पडलेलं गवत ओरबाडा, टाकीच्या तळाशी बोअरच्या पाण्याचा धरलेला पांढरा थर खरवडा. त्या थरातून एक चमचा निघाला, जो नेल्याबद्दल आम्ही मे महिन्यात शेजाऱ्यांवर संशय घेतला होता. मग पत्र्याचं ते धूड जिन्यानं गच्चीवर. पुढून मी, मागून मुलगा. वजन सगळं माझ्याकडं, सूचना सगळ्या त्याच्याकडं. टाचेवरचा फोड, ज्याला आज वारा लागायचा होता, तो जिन्याच्या वळणावर फुटला.

मी गच्चीवरच बसकण मारली अन् शास्त्र काढलं.

"हे बघ, परिक्रमावासी चातुर्मासात पाऊल उचलत नाही. चार महिने एका जागी मुक्काम. म्हणून तर पूर्ण परिक्रमेला 3 वर्षं, 3 महिने, 13 दिवस धरतात. अन् चातुर्मास अजून संपलेला नाही."

"अहो, चातुर्मासात कांदा, लसूण अन् वांगंही चालत नाही," बायको पंख्याचं पातं पुसता पुसता म्हणाली. "परवा सावजीकडं काय खाऊन आले?"

सावजीच्या रश्श्यापुढं शास्त्र टिकत नाही. मी माळ्यावर चढलो.

पुढच्या रविवारी उजाडायच्या आत सॅक पाठीवर घेऊन दाराशी पोचलो.

"आज तर सुटी ना तुमची?"

"अंगात जोर आहे तोवर चालून घेतो म्हटलं."

तिनं सॅक उतरवली, बाटल्या एकेक करून ओट्यावर मांडल्या अन् निवडलेले गहू पिशवीत भरून आत सारले.

"वजनच लागते ना तुम्हाला? येताना दळण घेऊन या. अन् बारीक दळा म्हणा, मागच्या वेळी पोळ्या तुटत होत्या."