माडी शेळ्यांची, कुंपण सगळ्यांचं

शेळी कुंपणाला कुंपण मानत नाही. पुढचे दोन पाय जाळीवर टेकवून ती आधी पलीकडचा हरभरा बघते, मग उंचीचा अंदाज घेते. मेंढीला हरभऱ्याचंही काही नसतं. पुढचीनं अंग टेकलं म्हणून मागच्या सगळ्या टेकतात, आणि खांब वाकतो. एकीला उंची अडवते, दुसरीला ताण. आमच्या घरी उस्मानाबादी शेळ्या आणायचं बायकोनं ठरवलं, मेंढरांचं आबांनी, आणि हे सगळं आत ठेवायचं काम माझ्या गळ्यात आलं.

आमचं रान पन्हाळ्याच्या पायथ्याला. तिथं बांधावर माणूस उभा राहिला की सल्लागार गोळा होतात. थोरल्या चुलतभावानं काटेरी तारेचा निकाल दिला, "पाच पदरी मार भावा, विषय संपला." त्याच्या स्वतःच्या तारेला कुणाच्या तरी मेंढरांची काळी लोकर अजून लोंबतेय. शेळी दोन पदरांतनं आधी डोकं घालते, मग अंग, आणि सगळ्यात शेवटी कास फाडून घेते. हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग शेळ्यांना शिस्त लाव की!"

दुसऱ्यानं आवाज खाली आणून मीटरवरनं थेट वायर टाकायला सांगितलं. फुकटात काम, म्हणे. फुकटात माणूस मरेल आणि मला कळंब्याच्या जेलात भाकरी खावी लागेल. झटका मशीनचं वेगळं असतं, ते क्षणभर ठोका देऊन सोडतं, जीव घेत नाही. पण मेंढीच्या अंगावर लोकर असली की तिला तो ठोकाही धड लागत नाही. ती तारेला टेकून रवंथ करत बसली तर पैसे कुणाकडं मागायचे?

मग आबांना घेऊन कोल्हापुरात जाळीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "पावणं, गेज किती?" आबा लगेच, "बारा द्या. दहाची हलकी नको." गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. दहाची सव्वातीन मिलिमीटरची, तर बाराची अडीचच्या जरा वर. दुकानदारानं दोन्ही तुकडे आबांच्या हातात दिले. आबांनी ते चिमटीत धरून उजेडात फिरवले, बाराचा वाकवून बघितला, दहाचा वाकेना, आणि म्हणाले, "म्हंजे सरकारी कामागत हाय हे. आकडा मोठा, माल बारीक."

भोकाचा प्रश्न राहिलाच. चार इंची चौकट स्वस्त पडते, पण शिंगवाली शेळी त्यात डोकं घालते. शिंगं मागं वळलेली असल्यानं डोकं आत सुळकन जातं आणि बाहेर काढताना अडकतं. मग ती असं ओरडते की तीन वस्त्यांना वाटावं, आपण तिला कापायला घेतलीय. म्हणून दोन इंची साखळी जाळी, पाच फूट उंच, वर-मध्ये-खाली ताणतार, आणि खालची कड कुत्र्यांसाठी मातीत गाडलेली. बिबट्याला पाच फूट काय नि दहा काय. त्याच्यासाठी रात्रीचा निवारा छपरापर्यंत जाळीनं बंद करायचा, एवढंच आपल्या हातात.

त्याच आठवड्यात शेजारच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला धनगर आले होते. त्यातले एक म्हातारबा आमचे खांब, ताणतारा, सिमेंटची पोती बघून हसले. त्यांची वाघर, म्हणजे जाळं आणि काठ्या, दिवस मावळायच्या आत उभी राहते आणि सकाळी गुंडाळली जाते. "आमचं कुंपान घोड्यावर बसतंय," ते म्हणाले. मग गंभीर होऊन, "मेंढरू उन्हानं न्हाई जात पावणं, ओलीनं जातंय. खालचं तेवढं कोरडं ठेवा." एवढ्या सल्ल्यांत हा एकच मी वहीत लिहून घेतला.

आमच्याकडं गगनबावड्याएवढा पाऊस नाही, पण जुलैत शिरोळकरांना हेवा वाटावा इतका असतो. ओल्या जमिनीत खुरं कुजतात. म्हणून मेंढरांना उंच भरावावर मुरूम आणि चुना, आणि शेळ्यांना लाकडी मचाण, फळ्यांत अर्ध्या इंचाची फट, म्हणजे लेंडी खाली पडते. मोठ्या शेळीला दहा-बारा चौरस फूट जागा, मोकळं अंगण त्याच्या दुप्पट. भिंत तीनच फूट, वर जाळी. हवा खेळली नाही तर मुताच्या वाफेनं शेळ्या खोकायला लागतात. पण "गारठा लागंल, सगळं बंद करा" म्हणणाऱ्यांची रांग काही हटेना. पत्रा तापू नये म्हणून त्यावर उसाचा पाला टाकायचं ठरवलं, तर चुलतभाऊ म्हणाला, "छप्पर खातील त्या."

मचाणाचा नकाशा बायकोनं बघितला. कमरेइतक्या उंचीवर फळ्या, चढायला उतरती पायवाट, पश्चिमेच्या झडीसाठी पुढं काढलेलं छप्पर.

"लग्नापास्नं माडी मागतोय मी," ती म्हणाली, "आणि पयली शेळ्यांना?"

यावर उत्तर नव्हतं. मी मुरूम टाकायला निघून गेलो.

आता फाटक तेवढं उरलंय. साधी कडी शेळी ओठांनी उचलते. वेल्डरनं विचारलं, "कडी आतनं लावू का भाईरनं?" बांधावर पुन्हा मंडळी जमली, दोन तट पडले.

"दोन्हीकडनं लाव," आबा म्हणाले. "आत शेळ्या हायत, भाईर ही मानसं."