"जीआयच लावा, प्लास्टिक विष आहे" या मेसेजबद्दल

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. म्हणणं असं की जुने जीआय पाईप पन्नास वर्षं टिकायचे, गंजाचं लाल पाणी म्हणजे लोहच, प्लास्टिकचे पाईप पाण्यात विष सोडतात, आणि परवडत असेल तर गीझरची लाईन तरी तांब्याची करून घ्या. लोक यावर विश्वास ठेवून अख्ख्या बिल्डिंगचे पाईप बदलायला निघालेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पन्नास वर्षांचं आधी. जीआय म्हणजे लोखंडी पाईपवर जस्ताचा थर, जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, हे खरंय, पण ते किती वर्षं पुरणार हे मुख्यतः पाण्यावर ठरतं. ज्या जुन्या घरांत हे पाईप टिकले तिथे बहुतेक धरणाचं किंवा नदीचं शुद्ध केलेलं पाणी होतं, आतून क्षारांचा पातळ थर बसायचा आणि तोच पाईपला झाकायचा. आता एकाच टाकीत नळाचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी पडतं, बोअरच्या पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर जस्त लवकर संपतं, आणि कोकणात जांभ्यातल्या विहिरींचं पाणी मऊ आणि बऱ्याचदा थोडं आम्लधर्मी, तिथे तो संरक्षक थर धड बसतच नाही. त्यात प्लंबर डायने आटे पाडतो तेव्हा नेमकं जोडाच्या जागी जस्त खरवडून जातं आणि पाईपही पातळ होतो, म्हणून जुनी लाईन बघा, गळते ती बहुतेक आट्यातच, एल्बोपाशी नाहीतर सॉकेटपाशी. गरम पाण्याचं तर अजून वेगळं आहे, साधारण ६० अंशांच्या वर काही पाण्यांत उलटा प्रकार होतो, जस्त लोखंडाला वाचवायचं सोडतं, लोखंडच आधी खाल्लं जातं आणि पाईपला बारीक भोकं पडतात. शिवाय पिवळ्या पट्ट्याचा हलका पाईप आणि लाल पट्ट्याचा जाड पाईप, दोन्ही जीआयच, आयुष्य मात्र सारखं नाही, आणि मेसेजमध्ये यावर एक अक्षर नाही.

गंजातलं लोह अंगी लागत नाही हो, रक्त कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्या. गंजाच्या गाठींनी हाफ इंची पाईप आतून बारीक होत जातो, नळाला धार येत नाही, आणि त्या गाठींत जंतूंना आसरा मिळतो.

प्लास्टिकच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. पीव्हीसी पाईप बनवताना वर्षानुवर्षं शिशाची संयुगं वापरली गेली, आणि शिसं लहान मुलांना फार वाईट. केंद्र सरकारने २०२१ मध्ये त्यावर नियम आणले. त्यामुळे लेड-फ्री लिहिलेला, आयएसआय मार्कचा पाईप घ्या, गरम पाण्याला सीपीव्हीसी (उष्णता सोसणारं, जास्त क्लोरीनचं पीव्हीसी, मानक आयएस १५७७८), साधा यूपीव्हीसी (कडक पीव्हीसी, मानक आयएस ४९८५) फक्त गार पाण्याला. पण शिसं फक्त प्लास्टिकमध्येच असतं हा समज सोडा. अमेरिकेत फ्लिंट शहराने २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, गंज रोखणारं रसायन घातलंच नाही, आणि घराघरात शिसं पोचलं ते जुन्या शिशाच्या, म्हणजे धातूच्याच पाईपांमधून. पाईप तेच, पाणी बदललं.

तांबं चांगलंच आहे, फक्त अर्धी जुनी जीआय लाईन ठेवून मध्येच तांबं घालू नका. तांब्यातून आलेलं पाणी पुढे जीआयमध्ये गेलं की पाण्यात उतरलेलं तांबं जस्तावर बसतं आणि तिथे पाईप कुरतडला जातो. पाणी आधी जीआयमधून आणि मग तांब्यातून जाईल असा क्रम ठेवा, आणि दोघांच्या जोडावर डायइलेक्ट्रिक युनियन लावा, म्हणजे दोन धातू एकमेकांना टेकू न देणारा जोड.

मी घरातल्या लाईनीला सीपीव्हीसीच सुचवेन, पण आधी पाणी लॅबमध्ये तपासून घ्या, पीएच, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), क्लोराइड, हार्डनेस, म्हणजे नळ आणि फिटिंग कसली घ्यायची ते पण कळेल. सीपीव्हीसीचेही नखरे आहेत, दहा मीटरची लाईन चाळीस अंशांनी तापली तर अडीच सेंटीमीटरच्या आसपास लांबते, तेवढी जागा सोडा. आट्यांना सफेदा (जोडाला लावायची तेलातली पांढरी पेस्ट) नको, टेफ्लॉन टेप लावा, कारण तेलकट पदार्थांनी सीपीव्हीसीला तडे जातात, आणि गच्चीवर उन्हातला पाईप वॉटर-बेस्ड रंगाने रंगवा, ऑइल पेंटने नाही. कन्सील्ड, म्हणजे भिंतीत बुजवलेली लाईन असेल तर जोडाचं सॉल्व्हंट (पाईप चिकटवायचं द्रावण) डब्यावर लिहिलेला वेळ सुकू द्या, मग तुमच्या डोळ्यांसमोर प्रेशर टेस्ट (लाईनमध्ये दाबाने पाणी भरून गळती बघणं) करून घ्या, आणि त्यानंतरच टाइल्सवाल्याला बोलवा.