सरवा, वतन आणि दोनशे भाकरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रागातली आहे, पण लेख नीट वाचून लिहिलेली आहे. म्हणून उत्तरही तिच्याइतकंच लांब.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: हिब्रू शास्त्रातल्या काही बायकांकडून काय घ्यावं, असा माझा लेख होता: सासू नामीबरोबर आलेली आणि बवाजाच्या शेतात सरवा वेचणारी मवाबी (शेजारच्या मवाब देशातली) विधवा रूथ, बापाचं वतन मागणाऱ्या सलाफहादाच्या मुली, आणि चालून येणाऱ्या दावीदाला नजराणा देऊन थांबवणारी नाबालाची बायको अबीगईल. तुमचं म्हणणं असं, की रूथचं सरवा वेचणं ही शुद्ध भीक होती आणि तिला कष्टाचं गोंडस नाव दिलं आहे. खळ्यावरच्या रात्रीवर लेखाने पांघरूण घातलं. सलाफहादाच्या मुलींना दिलेलं पुढे अर्धं काढून घेतलं, ते गाळलं. अबीगईलच्या दोनशे भाकरींत सहाशे माणसं निभावणं हा विनोद आहे. आणि या सगळ्यांतून निघणारा धडा एकच: ‘बाईने ऐकावं, मग कोणीतरी पुरुष तिचं भलं करतो.’ जाता जाता, ‘ही परकी पुराणं मराठीत कशाला?’ असंही विचारलं आहे.

शेवटचं आधी उरकू. कोकणातल्या बेने इस्रायलींनी (मराठी बोलणाऱ्या यहुद्यांनी) याच कथांवर मराठी कीर्तनं केली आहेत, आणि त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ सालीच छापली गेली. परकेपणाचा मुद्दा तेव्हाच निकालात निघाला.

आता सरवा. पीक कापून नेल्यावर शेतात मागे राहिलेली कणसं म्हणजे सरवा, हे मराठी शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही, आणि मराठी बायबलनेही हाच शब्द उचलला आहे. पण लेवीय १९ आणि अनुवाद २४ (दोन्ही मोशेच्या नियमशास्त्राची पुस्तकं) मध्ये जे लिहिलं आहे त्यात मालकाच्या दयेला जागाच ठेवलेली नाही. शेताच्या कडेचं पीक कापायचं नाही. कापताना गळलेलं उचलायचं नाही. शेतात विसरून राहिलेली पेंढी आणायला परत फिरायचं नाही. तिन्ही आज्ञा मालकाला आहेत. गरीब, परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी फक्त यायचं आणि वेचायचं.

हा हक्क किती काटेकोर मानला गेला ते पाहायचं असेल तर मिश्ना या यहुदी नियमसंग्रहातलं ‘पेआ’ (शेताची कड) प्रकरण बघा. मिश्नाचं संकलन इ.स. २०० च्या सुमाराचं, म्हणजे रूथच्या गोष्टीपेक्षा फार नंतरचं. पण नियम प्रत्यक्ष शेतात राबवताना कुठे कुठे अडतं ते त्यात दिसतं. कडेचं पीक साठाव्या हिश्शाहून कमी ठेवू नये. एका जागी दोन कणसं गळली तर ती गरिबाची, तीन गळली तर मालकाची (हे हिल्लेल या धर्मगुरूच्या पंथाचं मत, त्याचा प्रतिस्पर्धी शम्मई याचा पंथ तीनही गरिबाला देतो आणि चारावर थांबतो). गरिबांना दिवसातून तीन वेळा शेतात येऊ द्यावं. कडेचं पीक त्यांनी विळ्याने कापू नये, कारण रेटारेटीत एकमेकांना लागेल. आणि माझ्या मते सगळ्यात बोलका नियम हा: जो मालक एकाला वेचू देतो आणि दुसऱ्याला अडवतो, किंवा वेचणाऱ्यांपैकी एकालाच मदत करतो, तो गरिबांची चोरी करतो. भिकेच्या बाबतीत इतका हिशेब कोणी ठेवत नाही.

मग बवाजाने रूथला झुकतं माप दिलं त्याचं काय? इथे मजकूर बारकाईने वाचायला हवा. तो गड्यांना सांगतो की तिला पेंढ्यांमध्येही वेचू द्या, आणि बांधलेल्या पेंढ्यांतून थोडी कणसं मुद्दाम ओढून खाली टाका. बांधलेली पेंढी मालकाची असते. म्हणजे तो गरिबांच्या वाट्यातून काढून तिला देत नाही, स्वतःच्या मालातून देतो. नंतरच्या काळाचा कडक नियम लावला तरी यात बोट ठेवायला जागा नाही.

आणि पेंढ्यांमध्ये वेचण्याची मागणी आधी केली कोणी? रूथने. बवाज शेतावर येतो तेव्हा मुकादम त्याला सांगतो की ही मवाबी बाई सकाळीच येऊन म्हणाली, ‘कापणाऱ्यांच्या मागून पेंढ्यांमध्ये मला वेचू द्या.’ गळलेलं वेचण्याचा तिला हक्क होताच. ती हक्काच्या एक पाऊल पुढचं मागते आणि मिळेपर्यंत तिथून हलत नाही. लेखातला माझा मुद्दा एवढाच होता, आणि तो नीट उतरला नसेल तर चूक माझी.

त्या एका पावलाने किती फरक पडला याचा हिशेब करता येतो. संध्याकाळपर्यंत वेचून, झोडपून तिच्यापाशी ‘सुमारे एक एफा’ सातू झाला. एफा म्हणजे साधारण २२ लिटर. काही अभ्यासक याहून बरंच मोठं माप धरतात, पण आपण लहानच धरू. २२ लिटर सातूचं वजन १३-१४ किलो भरतं. एका कणसातून ढोबळपणे एक ग्रॅम दाणा धरला तर ही १३ हजारांहून जास्त कणसं झाली. दहा तास वाकून काम केलं तरी तीन सेकंदांना एक कणीस, सलग, पाणी प्यायलाही न थांबता. त्यातच झोडपणीचा वेळ. नुसत्या गळलेल्या कणसांवर हे जमणं कठीण आहे. म्हणूनच नामी ते ओझं बघून पहिला प्रश्न विचारते, ‘आज कुठे वेचलंस?’ ती मुरलेली बाई आहे. एवढा सातू सरव्यातून येत नाही हे तिला ठाऊक आहे.

झोडपणीबद्दलही तुम्ही ‘शेतातच का बसली?’ असं विचारलं आहे. पेंढ्यासकट ओझं गावापर्यंत वाहण्यात अर्थ नसतो. मोठी मळणी खळ्यावर बैलांनी होते. एका बाईचा माल काठीने झोडपला जातो. मूळ हिब्रूत जे क्रियापद इथे आहे तेच शास्ते ६ मध्ये गिदोन शत्रूच्या भीतीने लपून गहू झोडपतो तिथे आहे. थोडा माल, हातातली काठी, दाणा तेवढा घरी.

हा दाणा पुरतो किती? निर्गम १६ मध्ये रानात माणशी रोज एक ओमर मान्ना (देवाने दिलेलं अन्न) ठरला आहे, आणि एफा म्हणजे दहा ओमर. दोघींना पाच दिवस. हंगाम सातूच्या कापणीपासून गव्हाच्या कापणीपर्यंत, म्हणजे साधारण सात आठवड्यांचा. रोज असा दिवस गेला असता तर सात-आठ महिन्यांची सोय झाली असती, पण गोष्टीत तसं कुठे म्हटलेलं नाही, म्हणून मीही म्हणत नाही.

तुमच्या बाजूचं एक इथेच मान्य करतो. कागदावरचा हक्क वेगळा आणि शेतातला वेगळा. ‘तिला हात लावू नका’, ‘तिला लाजवू नका’, ‘तिला दटावू नका’ असं बवाजाला गड्यांना बजावावं लागतं. दुसऱ्या शेतात गेलीस तर तुला त्रास होईल, असं नामीही सांगते. परदेशी, विधवा, एकटी, आणि त्यातही मवाबी. अनुवाद २३ मवाब्यांना मंडळीत घ्यायलाच नकार देतं. हक्क असूनही तिला आधी चांगला मालक शोधावा लागला. लेखात हे एका ओळीत गुंडाळलं होतं.

खळ्यावरची रात्र. इथे तुमचा आक्षेप अर्धा बरोबर आहे. लेखात ‘ती त्याच्या पायांशी झोपली’ असं सोवळं वाक्य टाकून मी पुढे गेलो. मूळ मजकूर इतका सोवळा नाही. ‘निजणे’ हे क्रियापद त्या प्रसंगात पुन्हा पुन्हा येतं, ‘पायांकडची जागा’ हा शब्द मुद्दाम धूसर आहे, आणि कोणी कोणाला ओळखण्याआधी, अंधार असतानाच ती परत जाते. पुढे काय घडलं ते लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही ते ठरवून टाकू नका. निश्चित दिसतो तो धोका. उफणणी संध्याकाळच्या वाऱ्यावर होते, मग मालक राशीच्या राखणीला तिथेच झोपतो. खाणंपिणं झालेला पुरुष आणि रात्री आलेली बाई: कोणी पाहिलं असतं तर नाव तिचंच गेलं असतं.

पण ‘सासूने सांगितलं ते सुनेने निमूट केलं’ हे तुमचं वाक्य मजकुरावर टिकत नाही. नामीची सूचना अशी: आंघोळ कर, तेल लाव, वस्त्र घाल, तो निजला की पायांकडचं पांघरूण काढून तिथे पड, ‘काय करायचं ते तो तुला सांगेल.’ रूथ ‘करते’ म्हणते. प्रत्यक्षात मध्यरात्री तो दचकून ‘तू कोण?’ विचारतो तेव्हा ती त्याच्या सांगण्याची वाट बघत नाही. काय करायचं ते तीच त्याला सांगते: ‘तुमचा पदर माझ्यावर पसरा, कारण वतन सोडवणारे तुम्ही आहात.’ वतन सोडवणारा म्हणजे मयताची जमीन आणि नाव राखण्याची जबाबदारी असलेला जवळचा नातलग. पदरासाठीचा हिब्रू शब्द ‘कानाफ’. त्याचा दुसरा अर्थ पंख. आदल्या अध्यायात बवाज तिला म्हणाला होता, तू इस्राएलाच्या देवाच्या पंखांखाली आश्रयाला आली आहेस. त्याचाच शब्द ती त्याच्या पदरात टाकते. आणि तो तिला जे विशेषण लावतो, ‘एशेत हाईल’, त्यातला ‘हाईल’ गोष्टीत आधी खुद्द बवाजाची ओळख करून देताना आला आहे: वजनदार, कर्तबगार. ‘सद्गुणी’ असं पुळचट भाषांतर केलं की हे सगळं वाहून जातं.

वेशीवरच्या दृश्यात मात्र तुमचाच मुद्दा जिंकतो, आणि तो तुम्ही मांडलाच नाहीत! दहा वडील बसलेत, बवाजाहून जवळचा, वतन सोडवण्याचा पहिला हक्क असलेला आप्त बसलाय, नामीच्या शेताचा आणि रूथचा सौदा ठरतोय, आणि दोघींपैकी कोणीही तिथे नाही. अनुवाद २५ प्रमाणे दिराने भावाच्या विधवेशी लग्न करायला नाकारलं तर त्या विधवेने स्वतः वडिलांसमोर जाऊन त्याचा जोडा काढायचा आणि त्याच्या तोंडावर थुंकायचं असतं. इथे तो आप्त आपला जोडा आपणच काढतो. थुंकणारी कोणी नाही. बवाजाची चाल मात्र बघण्यासारखी आहे. आधी तो फक्त जमिनीचं बोलतो. आप्त लगेच ‘सोडवतो’ म्हणतो, कारण नामीला आता मूल होणार नाही, म्हणजे जमीन त्याच्याच घरात राहणार. मग बवाज रूथचं नाव काढतो. तिला मुलगा झाला तर शेत त्या मुलाच्या नावावर जाईल. पैसा आपला, शेत मयताच्या वंशाचं. आप्त तिथेच माघार घेतो. त्याचं नावसुद्धा गोष्टीत नाही, ‘अमुकतमुक’ असाच त्याचा उल्लेख आहे. दुसऱ्याचं नाव राखायला नकार देणाऱ्याची याहून चांगली शिक्षा मला तरी सुचत नाही.

सलाफहादाच्या मुली: पूर्ण कबूल. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. गणना २७ मध्ये या पाच जणी मोशे, याजक आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून बापाचं वतन मागतात, आणि ‘या मुली म्हणतात ते ठीक आहे’ असा निकाल लागतो. मुलगा नसेल तर मुलगी, मग भाऊ, मग काका असा क्रम कायम होतो. मी इथेच थांबलो होतो. गणना ३६ मध्ये त्यांच्याच मनश्शे वंशातले कुळप्रमुख तक्रार घेऊन येतात, की मुली परवंशात दिल्या तर जमीन त्यांच्याबरोबर जाईल. निकाल: लग्न आपल्याच वंशात करा. त्या चुलतभावांशी लग्न करतात. शब्द तेच, ‘हे म्हणतात ते ठीक आहे.’ हे गाळणं चूक होती.

फक्त ‘काढून घेतलं’ हा शब्द जास्त होतो. यहोशवा १७ मध्ये त्याच मुली पुन्हा येऊन ठरलेला वाटा मागतात आणि तो त्यांना मिळतो. निकाल लागून गेल्यावरही जाऊन मागावा लागला, हे लक्षात घ्या. शिवाय १९१० मध्ये शोमरोनच्या (उत्तरेकडच्या इस्राएल राज्याच्या राजधानीच्या) उत्खननात सापडलेल्या, इ.स.पूर्व आठव्या शतकातल्या खापरांवर तेल आणि द्राक्षारसाच्या नोंदी आहेत. त्यांत नोआ आणि होग्ला ही नावं प्रदेशांची म्हणून येतात. या बहिणी खरंच होऊन गेल्या की गावांना बहिणी केलं, यावर वाद घालता येईल. पण जमिनीवर ती दोन नावं बायकांचीच राहिली.

अबीगईलच्या दोनशे भाकरींचं उत्तर सोपं आहे: ते जेवण नव्हतंच. १ शमुवेल २५ मधली यादी अशी: दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, तयार केलेली पाच मेंढरं, पाच सआ हुरडा (एक सआ म्हणजे एफाचा तिसरा हिस्सा, म्हणजे सगळा मिळून ३६ लिटरच्या आसपास), मनुकांचे शंभर घड, अंजिरांच्या दोनशे ढेपा. दावीदाबरोबर चारशे माणसं निघाली होती, दोनशे सामानापाशी राहिली. चारशेंत दोनशे भाकरी म्हणजे माणशी अर्धी. हा नजराणा आहे, आणि तो घाईत भरलेला आहे. इतकं एवढ्यात आलं कुठून? तिच्या नवऱ्याकडे, नाबालाकडे, तीन हजार मेंढरं होती आणि लोकर कातरणीचा सण चालू होता. स्वयंपाक होऊन पडलेला होता. पीठ दळायला बसली असती तर दावीद आधी पोचला असता. गाढवं पुढे, स्वतः मागे, म्हणजे तिच्या आधी नजराणा दिसेल. याकोबाने रागावलेल्या भावापुढे, एसावापुढे, हीच युक्ती केली होती. नवऱ्याला ती सांगते दुसऱ्या दिवशी, त्याची नशा उतरल्यावर. ‘बाईने ऐकावं’ हा धडा यातून कसा काढता येतो ते तुम्हीच सांगा.

मूळ लेखात तीन दुरुस्त्या केल्या आहेत. गणना ३६ चा परिच्छेद जोडला आहे. खळ्यावरचं वाक्य बदललं आहे. आणि ‘रूथ वेशीवर उभी राहिली’ असं एक वाक्य होतं, जे तुमच्याही नजरेतून सुटलं. ते काढून टाकलं आहे.