घोड्यासाठी नाल

नालेसाठी घोडा घेऊ नये म्हणतात. मी शनिवारी आठ लाखांचा घोडा बघायला गेलो आणि ३५१ रुपयांची गंजकी नाल घेऊन आलो. ती आत्ता माझ्या ऑफिसच्या बॅगेत आहे आणि लेक माझ्याशी बोलत नाहीये.

तिला ड्रेसाजसाठी (घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घ्यायची स्पर्धा) घोडा हवाय, तोही काळाच. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये आपल्या ड्रेसाज टीमने गोल्ड आणलं, घोडेस्वारीत ४१ वर्षांनी, तेव्हापासून घरात हेच चालू आहे. ते रायडर युरोपात राहून शिकले, घोडेही तिकडचेच, हे सांगून झालं. रेसकोर्सवरून रिटायर झालेले मिळतात, पण त्यांना जन्मभर पळायचंच शिकवलेलं, आणि त्यात काळा म्हणजे दुर्मिळ. मग लोकल शोध. तीन रविवार फुकट. फोटोत काळा, समोर तांबूस. "उन्हानं उतरलाय साहेब, पावसाळ्यात व्हतोय परत." हे खरं असू शकतं म्हणे, त्यानेच जास्त डोकं फिरतं.

शनिवारी उरुळी कांचनच्या पुढे जो बघितला तो मात्र खरंच काळाभोर. मारवाडी, कानांची टोकं एकमेकांना टेकलेली. मी प्रश्न पाठ करून गेलो होतो. हाफ-पास (तिरकं पुढे चालणं) करतो का?

"पास कशाला? कागदं क्लिअर हायती."

बरं, पियाफ? म्हणजे जागच्या जागी दुडकी?

"जागच्या जागी तर दिसभर असतोय." मग त्याची ट्यूब पेटली. "नाचायचं म्हणताय व्हय! बँड लावा की. सव्वीस लग्नं झाल्यात ह्याची."

तेवढ्यात अ‍ॅक्टिव्हावरून एक काका आले, हेल्मेटसकट घोड्याभोवती फिरले.

"पूर्ण काळा ना? कुठे पांढरा टिक्का वगैरे?"

मला वाटलं दुसरं गिऱ्हाईक, आता भाव चढणार. म्हणलं, मी घेतोय हा.

"घ्या की. पुढच्या उजव्या पायाची तेवढी मला द्या."

"काय?"

"नाल हो. झिजलेली पाहिजे. किती किलोमीटर झालेत?"

मी नुसता बघत राहिलो. "रास कोणती तुमची?" मीन, म्हणलं. तेव्हा काकांनी पहिल्यांदा हेल्मेट काढलं. "अहो, साडेसातीत वाहन घेताय?" घोडा वाहनात कुठे येतो म्हणलं तर म्हणाले, "आरटीओत नाही येत, शास्त्रात येतो. त्यापेक्षा तुम्हीही एक नाल घ्या, आठ लाख वाचतील."

मी पैसे देऊन आणलेले डॉक्टर तेव्हा घोड्याचे दात बघत होते. काकांनी त्यांनाच विचारलं, नाल ओरिजिनल आहे का? आणि डॉक्टर हो म्हणाले!

मालकाने आतून बादली आणली. चाळीसेक नाल, सगळ्या ह्याच घोड्याच्या म्हणे. घोडा त्याच्याकडे येऊन तीन महिने झालेले, नाल सहा-आठ आठवड्यांनी बदलतात, पाय चार, म्हणजे फार तर आठ. मी हे बोलून दाखवलं तर काका म्हणाले, श्रद्धेत कॅल्क्युलेटर काढू नये. आणि मालकाने भाव अकरा लाख केला. का? "शनवारी सात-आठ नाल जात्यात. गाय इकताना दूध धरत्यात का न्हाय?"

डॉक्टरांनी मग घोडा चालवून बघितला. मागचा डावा पाय सुजलेला, जरासा लंगडतोय. डांबरावर सव्वीस वराती नाचून दुसरं काय होणार. दुपारभर आम्ही सगळे त्याच्या पायाकडेच बघत होतो हो, पण नाल बघत होतो. मालक म्हणाला, हळद लावतो.

घोडा नाही घेतला. डॉक्टरांची फी दिली ती दिलीच. वर काकांचं जीपे चालेना म्हणून त्यांच्या नालेचे ३५१ मीच भरले, आणि 'तुमचीही मीनच ना' म्हणून दुसरी माझ्या हातात आली, तिचेही. घरी पोचल्यावर टाकतो म्हणाले. अजून आलेले नाहीत. साडेसातीत कुणाला उसने देऊ नयेत, हेही त्यांनीच सांगितलं, अ‍ॅक्टिव्हा सुरू करताना.