लांबचा साहेब

परवा धाकटी बहीण मला म्हणाली, "दादा, तुझा फोन आला ना, की ऑडिट आल्यासारखं वाटतं." राग आला. दोन दिवस धुमसलो. मग पटलं.

आई ८१ वर्षांची, देवरुखजवळच्या गावात एकटी राहते. बहीण साखरप्याला दिलेली, एसटीने पाऊण तासावर. मी पुण्यात. कऱ्हाड, मलकापूर, आंबा घाट असं गेलं की सात तास. अर्थात घाट उघडा असेल तर. २०२१च्या जुलैत चिपळूण बुडालं, आंबा घाटात दरडी आल्या, तेव्हा अमेरिकेतला मावसभाऊ आणि मी आईपासून सारखेच लांब होतो. दोघांचाही फोन लागत नव्हता.

फोन लागतो तेव्हा तरी काय कळतं म्हणा. "बरी आहे. मला काय धाड भरलीय?" हे एकच उत्तर. गेल्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात पडली, ते मला तीन आठवड्यांनी कळलं. कळवलं का नाही विचारलं, तर म्हणाली, "तू तिथून काय हात धरणार होतास?"

हात धरणारं माणूस जवळचं लागतं आणि गावात तीच उरलेली नाहीत. आमच्या वाडीत चार घरांना कुलूप, ती उघडतात गणपतीत आणि शिमग्याला. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली, आणि २०११च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या. पुरुष कुठे गेले ते सांगायला नको. त्यातलाच मी एक.

वडील पोस्टमन होते. मुंबईच्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरी घरोघर पोचवायचे. मनीऑर्डरीच्या फॉर्मखाली दोन ओळींचा निरोप लिहिलेला असायचा. ते सांगायचे, म्हातारी पैसे मोजायच्या आधी विचारायची, "खाली काय लिवलानं?" मीही पैसे पाठवतो, तेही महिन्याच्या एक तारखेला, न चुकता. आणि त्या जोरावर साहेबगिरी करतो. बीपी मोजलं का, फोटो टाक. त्या डॉक्टरला नको, दुसऱ्याला दाखव. वर्षातून दोनदा जातो, औषधांचा डबा उपसतो, तारीख उलटलेल्या गोळ्या हातात नाचवत बहिणीला विचारतो, "हे काय आहे?" चार दिवसांनी साहेबांचा दौरा संपतो. त्या चार दिवसांत आई माझ्यासाठी घावणे घालते आणि शेजारणीला सांगते, लेकाला किती काळजी! रोज येणाऱ्या लेकीचं कौतुक मी तिच्या तोंडून फारसं ऐकलेलं नाही. बहिणीला तेच जास्त लागत असणार.

नोव्हेंबरातला हयातीचा दाखला घ्या. आईला वडिलांच्या मागे पेन्शन मिळते. तिच्या बोटांचे ठसे झिजलेत, मशीन ओळखत नाही. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतं, मी बघतो. पण पुण्यातून कसं बघणार? चेहरा आईचा, तो देवरुखला. शेवटी बहिणीनेच अर्धा दिवस मोडून ते केलं.

माझं मत विचाराल तर लांबच्याने मतं देणं आधी बंद करावं. वीजबिल, औषधांची ऑर्डर, रिपोर्टांची फाइल, डॉक्टरांची वेळ घेणं ही कंटाळवाणी कामं इथून होतात, ती गुपचूप अंगावर घ्यावीत. आणि जवळच्याला सुट्टी द्यावी. साडी नको, "तू आहेस म्हणून" हे भरल्या गळ्याचं वाक्य तर मुळीच नको.

या मे महिन्यात मी आठ दिवस रजा टाकून गेलो आणि बहिणीला तिच्या लेकीकडे नाशिकला धाडलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिचा फोन. "नाश्त्याआधीची गोळी दिलीस?"

"हो गं, दिली," म्हटलं आणि फोन ठेवून डबा शोधायला उठलो. आईचे चहा-पोहे केव्हाच झाले होते.