सायकलवाल्यानं पडावं कसं

पडलात की आधी उठा. हाड मोडलंय की नाही ते नंतर बघता येतं. आधी कपडे झटका आणि ‘काही नाही, काही नाही’ असं दोनदा म्हणा. एकदाच म्हटलं तर लोकांना संशय येतो. मोटारीचा दणका बसलेल्या सायकलवाल्याकडून सांगलीकरांची एवढीच अपेक्षा असते, आणि ती पुरी करणं अजिबात अवघड नाही. मी स्वतः केली आहे. त्या अनुभवाच्या जोरावर चार शब्द सांगतो.

गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात संध्याकाळच्या क्लासला निघालो होतो, शंभर फुटी रस्त्यानं. मी नववी-दहावीचं गणित शिकवतो. रस्त्याच्या कडेला भडंगाच्या दुकानापुढं एक पांढरी गाडी उभी होती. तिच्या शेजारनं जाताना ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. हँडलचं टोक दाराच्या कडेत अडकलं, सायकल तिथंच राहिली आणि मी पुढं गेलो, उजव्या खांद्यावर. आत ‘कट्’ असा आवाज झाला, तो मला एकट्यालाच ऐकू आला.

गाडीतले गृहस्थ उतरले. माणूस भला. आधी दाराला चरा गेलाय का ते बघितलं, मग माझ्याकडं वळले. “अरे, सर, तुम्ही होय! लागलं काय?” ओळख निघाली. अपघातात समोरचा ओळखीचा निघाला की आपलं अर्धं दुखणं तिथंच लाजेनं थांबतं. तोवर सात-आठ जण जमले. एक म्हणाला, “मिटवा की सर, सणाचे दिवस हायत.” दुसरा म्हणाला, “सायकलवाल्यांनी बी जरा कडंनं जावं.” मी कडंनंच चाललो होतो, गाडीही कडंलाच होती, हे त्याला सांगावंसं वाटलं; पण खांदा इतका ठणकत होता की मुद्दा मांडायला श्वास पुरेना. गृहस्थांनी दोन हजार काढले. मी ‘राहू दे हो’ म्हणालो. त्यांनी खिशात कोंबले. मग कुणीतरी शहाण्यानं सुचवलं, “उगं नंतर भानगड नको, दोन ओळी लिहून घ्या.” भडंगाच्या दुकानाच्या बिलबुकातला एक कागद फाडला, त्यावर ‘माझी काहीही तक्रार नाही’ असं त्यांनीच लिहिलं आणि मी सही केली. डाव्या हातानं. ती माझी सही आहे असं आज मलाही शपथेवर सांगता येणार नाही, पण त्या वेळी सगळ्यांचं समाधान झालं.

आदर्श पडणं म्हणतात ते हे. पण खरी परीक्षा दवाखान्यात असते. गृहस्थांनी त्यांच्याच गाडीतून नेलं, केसपेपर काढला, शेजारी उभे राहिले. वाहनचालकानं जखमीला उपचार मिळवून द्यायचे आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं. त्यांनी त्यातला पहिला निम्मा भाग इतक्या मनापासून पाळला, की दुसऱ्या निम्म्याची आठवण करून देणं मला कृतघ्नपणाचं वाटलं. तपासणाऱ्या डॉक्टरनं विचारलं, “कसं पडलात?” शेजारी उभ्या माणसाचा चेहरा बघून मी म्हणालो, “सायकलवरनं पडलो.” खोटं काय त्यात? डॉक्टरनं मान खाली घालून दोन शब्द लिहिले: ‘सेल्फ फॉल’.

वाचकहो, या दोन शब्दांइतकी स्वस्त वस्तू बाजारात दुसरी नाही. विमा कंपनीचे वकील वर्षानुवर्षं याच दोन शब्दांवर उभे राहून युक्तिवाद करतात. ‘अमुक नंबरच्या गाडीचा धक्का लागला’ असं तुम्ही म्हणाला असता, तर दवाखान्याला एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, नोंदवावी लागली असती, पोलीस चौकीला कळलं असतं, जबाब झाला असता, भारतीय न्याय संहितेची २८१ (बेदरकारपणे गाडी चालवणं) आणि १२५ (दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं) ही कलमं निघाली असती. केवढा व्याप! शिवाय २०२५ साली केंद्र सरकारनं रस्ता अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना काढली: सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, यादीतल्या दवाखान्यांत. पण अपघात मोटारीमुळं झालेला पाहिजे, आणि पोलिसांनी तसं म्हटलं पाहिजे. तुम्ही स्वतःच्या स्वतः पडल्याचं लिहून घेतलंत की सरकारचे दीड लाख वाचले. देशसेवा कुठल्या कुठल्या मार्गानं करता येते बघा.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे आला. कॉलरबोन मोडलं होतं. आता हाडाविषयी एक बारीक गोष्ट, जी कळून घ्यायची नसते. हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती ‘गंभीर दुखापत’ होते, मग ते हाड करंगळीचं का असेना. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ म्हणतं, की वाहनाच्या वापरातून झालेल्या अपघातात गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख, मृत्यू झाला तर पाच लाख, आणि चूक कुणाची हे सिद्ध करायची गरजच नाही. कडंनं चाललो होतो का मधनं, बेल वाजवली होती का नाही, काही नाही. ती रक्कम गाडीमालकाच्या खिशातून नव्हे, तर विमा कंपनीकडून येते. त्यासाठीच तर गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा केलाय. थर्ड पार्टी म्हणजे तुम्ही. आयुष्यात एकदाच माणूस असा दुसऱ्याच्या पॉलिसीत मानानं बसलेला असतो, आणि आपण ‘राहू दे हो’ म्हणून उठतो.

अडीच लाखांचं हाड मी दोन हजारांना दिलं. शेकडा किती, ते आमच्या सातवीतल्या पोरालाही काढता येईल.

तरीही तुमच्या मनात दाव्याबिव्याचा विचार आलाच, तर आधी नातेवाइकांना सांगा. ते तो काढून टाकतात. माझे मेहुणे म्हणाले, “दाजी, गाडी तर उभी हुती. उभ्या गाडीचा कसला अपघात?” मला ते इतकं पटलं की मी आठ महिने गप्प बसलो. नंतर वकिलांकडून कळलं, की या प्रश्नाचं उत्तर शेजारच्या सातारा जिल्ह्यातच तयार झालेलं आहे. १९८७ साली तिथं महामार्गावर ट्रकची धडक बसून पेट्रोलचा एक टँकर रात्री रस्त्याखाली गेला. तो तसाच पडून राहिला, पेट्रोल गळत राहिलं, माणसं जमली, आणि सकाळी, काही तासांनंतर, भडका उडाला. लोक गेले. टँकर तर जागचा हलतही नव्हता, मग हा वाहनाच्या ‘वापरातला’ अपघात कसा, असा सवाल झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९१ साली न्यायालयानं सांगितलं, की वाहन उभं असलं तरी ‘वापर’ या शब्दात ते बसतं. गळणारा टँकर बसतो, तर उघडणारं दार का बसू नये? पण हे मेहुण्यांना सांगू नका. घरात शांतता हवी.

उसाच्या हंगामाबद्दल वेगळं सांगायला पाहिजे. कारखाने पेटले की आपल्याकडं डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर सुरू होतात. पुढं गाणी इतकी मोठ्यानं, की ट्रॅक्टर येतोय हे दोन फर्लांगावरून कळावं; मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, म्हणजे उभा असला तर दोन हातांवरूनही कळू नये. रात्रपाळी करून कुपवाडच्या एमआयडीसीतून घरी येणारा सायकलवाला अशा ट्रॉलीच्या मागच्या उसात शिरला, तर त्यानं आधी स्वतःच्या सायकलला दिवा नव्हता याची लाज बाळगावी. ही लाज फार उपयोगी असते, कारण तिच्यामुळं तो कोर्टात जातच नाही. गेला असता तर कळलं असतं, की समोरच्याची चूक दाखवून जास्त भरपाई मागितली आणि त्यात त्याचीही थोडी चूक निघाली तरी भरपाईतून तेवढा हिस्सा कापतात, अख्खा दावा बुडत नाही. आणि पुरावाही फौजदारी खटल्यासारखा केस चिरून तपासत नाहीत. काय घडलं असण्याची शक्यता जास्त आहे, एवढंच बघतात. पुढं मालक म्हणतो ट्रॅक्टरचा विमा आहे, कंपनी म्हणते ट्रॉलीचा नाही. ड्रायव्हरकडं लायसन आहे, पण कसलं ते विचारू नका. अशा वेळी कोर्ट कधी कधी कंपनीला सांगतं, आधी जखमीला पैसे दे, मग मालकाकडून वसूल कर. ते भांडण त्यांचं त्यांना करू द्यावं, इतका अलिप्तपणा मात्र आपल्यात नसतो. आपण मालकाची बाजू घेतो. त्याचा ऊस आपल्याच गावचा असतो ना.

गाडी पळून गेली असेल तर प्रश्नच मिटला, घरी जा. प्रांत किंवा तहसीलदार कचेरीत अर्ज केला की अशा हिट अँड रनमध्ये गंभीर जखमीला ५० हजार आणि मृताच्या घरच्यांना दोन लाख मिळतात, ही माहिती कचेरीच्या पायरीवर चढल्याशिवाय मिळत नाही, आणि पाय मोडलेला माणूस पायरी चढत नाही. चोख बंदोबस्त आहे.

पुरावे कसे संपवायचे ते आता सांगतो. फोटो काढू नका. गाडीचा नंबर मनात ठेवा, तो दोन दिवसांत आपोआप जातो. एमएच-१० एवढं राहतं, आणि ते निम्म्या जिल्ह्याचं आहे. भडंगवाल्याच्या दुकानावर कॅमेरा होता. मी चार महिन्यांनी विचारायला गेलो. तो म्हणाला, “सर, त्याच्यात पंधरा दिवसांचंच राहतंय.” औषधांची बिलं मी पावसाळ्यात चुलीला दिली नाहीत, पण अशा पिशवीत ठेवली की शाई उडून सगळी कोरी झाली. सायकल दुरुस्तीवाल्याकडं गेलो तर त्यानं चाक फिरवून दाखवलं. “ह्येचा पार आठ झालाय सर. रिंग भंगारात घालू?” दाराच्या कडेचा पांढरा रंग हँडलच्या टोकाला लागलेला होता. मी म्हणालो, “घाल. आणि हँडल पण पुसून दे जरा.”

नवव्या महिन्यात वकिलांकडं गेलो. ते चष्मा पुसत शांतपणे ऐकत होते. दावा सहा महिन्यांच्या आत करायचा असतो, ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला खरं तर बरं वाटलं; माझा दोष संपून कॅलेंडरचा सुरू झाला. पण ते पुढं म्हणाले, की या मुदतीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेलाय आणि केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नका, असं नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयानं सांगितलंय. “तेव्हा वेळेचं बघता येईल. दावा तुम्ही राहता तिथं, सांगलीतच करता येतो. फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण आहे. फिर्यादीचा नंबर सांगा.” फिर्याद नाही. “केसपेपर?” दिला. त्यांनी ‘सेल्फ फॉल’ वाचलं. “गाडीवाल्यानं काही लिहून घेतलंय?” मी बिलबुकातल्या कागदाचं सांगितलं. त्यांनी चष्मा पुन्हा काढला आणि पुन्हा पुसला. स्वच्छच होता.

“काय करता तुम्ही?” त्यांनी विचारलं.

“शिकवतो. फळ्यावर लिहितो. हात आता खांद्याच्या वर जात नाही.”

मग त्यांनी मला, गाडीवाल्याची चूक सिद्ध झाली तर त्या अडीच लाखांऐवजी किती मागता येतं, त्याचा एक हिशेब सांगितला आणि मी तो दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांना गणित म्हणून घातला. एका शिक्षकाचं वय ४७. महिन्याचं उत्पन्न २०,००० रुपये, म्हणजे वर्षाचं २,४०,०००. स्वतःचा धंदा आणि वय ४० ते ५०, म्हणून पुढच्या वाढीचे २५ टक्के मिळवा: ३,००,०००. अपघातानं कमाईची ताकद १० टक्के गेली, तर वर्षाचा तोटा ३०,०००. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या तोट्याला ज्यानं गुणायचं तो आकडा, १३; तो सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली ठरवून दिलेल्या तक्त्यातला. उत्तर ३,९०,०००. औषधं, वेदना, व्याज वेगळं. हात किती टक्के गेला यापेक्षा त्या हातानं माणूस काय करून खात होता हे बघायचं असतं, असं वकील म्हणाले होते. म्हणजे तोच खांदा कारकुनाचा एक, फळ्यावर लिहिणाऱ्याचा दुसरा आणि मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्याचा तिसरा. घरकाम करणाऱ्या बाईचाही हिशेब होतो, पगार नसला तरी. माझ्या बाबतीत अडचण एवढीच, की फी मी रोख घेतो आणि पावती देत नाही. ती सवय तुम्हीही ठेवा. उत्पन्न कागदावर नसलं की तोटाही कागदावर येत नाही.

पोरांनी गणित बरोबर सोडवलं. एकानं विचारलं, “सर, तुम्ही नेहमी फळ्याच्या खालच्या निम्म्यातच का लिहिता? मागच्या बाकावरनं दिसत नाही.”

तो त्या पांढऱ्या गाडीवाल्यांचा पुतण्या. जूनपासून माझ्याकडं येतो. फी निम्मी घेतो. ओळखीची माणसं आहेत. मी त्याला पुढच्या बाकावर बसवलं.