घड्याळात ५६० दिसले म्हणून ५६० खायचे का?

सकाळी साताऱ्यातल्या अजिंक्यताऱ्यावर जाणाऱ्या आमच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एका नवीन मुलीने विचारलं, "ताई, आज गड चढून-उतरून घड्याळात ५६० कॅलरी जळाल्याचं दिसतंय. माझं डाएट १,४०० चं आहे. मग आज १,९६० खाल्ल्या तर चालतील ना?" तासाभरात उत्तरांचा पाऊस पडला. निम्म्या जणी म्हणाल्या खा, कष्ट केलेत. निम्म्या म्हणाल्या एक घासही वरचा नको, सगळं पाण्यात जाईल. मी तिथे काहीच लिहिलं नाही, कारण हा प्रश्न एकदा मला आणि एकदा माझ्या मैत्रिणीला चांगलाच महागात पडलाय आणि त्याचं उत्तर दोन ओळींत बसत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

माझं मत आधीच सांगते. वजन उतरवायचं असेल तर रोजच्या तास-दीड तासाच्या चालण्यासाठी, जिमसाठी वेगळं काही खायचं नाही. पण ज्या दिवशी दोन-दोन तास घाट चढायचा असेल, त्या दिवशी खायचंच, आणि पोटभर खायचं. आणि किती खायचं हे घड्याळाला विचारायचं नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी सुरुवात केली तेव्हा वजन ७२ किलो, उंची १५६ सेंटिमीटर, वय ४४. मोबाइलमधल्या अॅपने सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं, तुम्हाला दिवसाला १,८०० लागतात, ४०० कमी करून १,४०० खा. घड्याळ त्याला जोडलेलं होतं. मी गडावरून उतरले की अॅपमध्ये हिरव्या अक्षरात "आणखी ५६० शिल्लक" असं यायचं. मी ते खायची. मनापासून, हक्काने खायची. रविवारी सगळ्याजणी मिळून मिसळ खायचो, दोन पाव, वर चहा, आणि येताना मोती चौकातून घरच्यांसाठी कंदी पेढे घ्यायचे, त्यातले दोन पिशवीतून घरी पोचायच्या आतच संपलेले असायचे. दोन महिन्यांत वजन उतरलं फक्त ४०० ग्रॅम. रोज पहाटे साडेपाचला उठून! मला रडू यायचं. थायरॉइडची तपासणी करून घेतली, ती व्यवस्थित निघाली.

मग माझ्या मुलाने (तो बारावी सायन्सला आहे) एका रात्री वही घेऊन मला हिशेब मांडून दाखवला. आपण चढतो ती उंची अडीचशे-तीनशे मीटर. ७२ किलोचं अंग तेवढं वर न्यायला जे निव्वळ काम होतं ते पन्नास कॅलरींच्या आसपास. स्नायू काही शंभर टक्के शक्ती कामाला लावत नाहीत, साधारण चौथा हिस्सा कामी येतो आणि बाकीची उष्णता होऊन घामावाटे जाते. म्हणजे चढण्याचा खर्च दोनशेच्या जवळपास. रस्त्याचं अंतर आणि उतरणं धरून आणखी शे-दीडशे. एकूण तीनशे-साडेतीनशे. मग वरचे दोनशे कुठून आले? त्यातले ऐंशी तर असे, की मी तो दीड तास घरी खुर्चीत बसून काढला असता तरी खर्च झालेच असते, कारण श्वास, हृदय, मेंदू यांचं काम थांबत नाही. उरलेली घड्याळाची चूक. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने मनगटावरची सात यंत्रं तपासली होती. नाडीचे ठोके बहुतेकांनी नीट मोजले, पण कॅलरींच्या बाबतीत सगळ्यात चांगलं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. घड्याळ नाडीसाठी घाला, पावलांसाठी घाला. जेवणाचं ताट त्याच्या हवाली करू नका.

दुसरी गोष्ट मला त्याहून जास्त खटकली, कारण ती कोणी सांगतच नाही. अॅपने सुरुवातीलाच विचारलं होतं, आठवड्यात किती दिवस व्यायाम करता? मी खरं ते लिहिलं होतं. माझ्या शरीराला नुसतं पडून राहायला १,३१४ कॅलरी लागतात, म्हणे. बैठं काम असेल तर त्याला १.२ ने गुणायचं, म्हणजे १,५७७. थोडाफार व्यायाम करणाऱ्याला १.३७५ ने, म्हणजे १,८०७. या दोन आकड्यांमधला २३० चा फरक म्हणजेच माझा गड! तो १,८०० मध्ये आधीच धरलेला होता. मी तोच गड घड्याळातून पुन्हा एकदा खात होते. तुम्हीही अॅप वापरत असाल तर आज रात्री एवढं एक बघा. एकतर "बैठं काम" निवडा आणि व्यायामाचे थोडे वाढवून घ्या, नाहीतर व्यायाम धरूनचा आकडा घ्या आणि वर काही घेऊ नका. दोन्ही एकदम चालणार नाही.

आणि तिसरी, जी आकड्यात पकडणं अवघड आहे. रविवारी गड केला की मी दुपारी दोन तास झोपायची. पाण्याचा तांब्या मुलाला आणायला सांगायची, मंडईत चालत जायचं तिथे गाडी काढायची. शरीर सकाळी खर्च झालेलं दुपारी वाचवतं. टांझानियातले हाडझा लोक शिकार करून, कंदमुळं खणून जगतात, दिवसभर चालत असतात. मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्यांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च मोजला, आणि शरीराच्या आकारमानाचा हिशेब केल्यावर तो शहरातल्या बसून काम करणाऱ्या माणसांइतकाच निघाला. हे वाचलं तेव्हा मला माझी दुपारची झोप आठवली.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग काय, व्यायाम करा आणि उपाशी राहा. नाही. हे लिहायला बसले ती खरी पुढच्या भागासाठी.

आमच्यातली एक मैत्रीण, वय ३४, सातारा हिल मॅरेथॉनसाठी तयारी करत होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पोलीस परेड ग्राउंडवरून निघून यवतेश्वरचा घाट चढत कासच्या रस्त्याने जाऊन परत यायचं, २१ किलोमीटर. २०१२ पासून होते. हिला एका जिममधल्या ट्रेनरने १,२०० कॅलरीचा कागद दिला होता. तोच कागद त्याने तिच्या सासूलाही दिला होता, म्हणजे बघा. वर ताकीद, की पळून आल्यावर खाल्लंस तर पळणं फुकट. ती शब्दाची पक्की. बिनसाखरेची कॉफी पिऊन बारा-चौदा किलोमीटर घाट करायची आणि अकरा वाजता दोन काकडीचे काप आणि एक अंडं. वजन भराभर उतरलं, आम्ही सगळ्या कौतुक करायचो, मीही करायची. त्याचं मला आज वाईट वाटतं. मग केस गळायला लागले. चिडचिड. पाळी चार महिने आली नाही, ती कोणाला बोलली नाही. एका रविवारी घाटातल्या वळणावर ती कठड्याला धरून खाली बसली, ओठ पांढरे, हात थरथरत होते. एका गाडीवाल्याकडून गूळ-शेंगदाणे मिळाले, ते चघळायला दिले. वीस मिनिटांनी बोलायला लागली.

डॉक्टरीण बाईंनी तिला समजावून सांगितलं ते मी शेजारी बसून ऐकलंय. पळण्याचा खर्च ढोबळमानाने किलोला, किलोमीटरला एक कॅलरी. तिचं वजन ६०, चौदा किलोमीटर म्हणजे आठशे-साडेआठशे, आणि घाटाचा चढ वेगळा. १,२०० मधून ते वजा केले तर बाकीच्या सगळ्या शरीराला साडेतीनशे उरतात. तेवढ्यात भागत नाही म्हटल्यावर शरीर एकेक खातं बंद करत जातं. आधी पाळी, मग हाडं, मग प्रतिकारशक्ती. खेळाडूंमधल्या या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये नाव दिलं, आणि पुरुषांनाही ती होते हेही तेव्हाच सांगितलं. बायकांना हाडांचं नुकसान पन्नाशीनंतर कळतं, तोवर उशीर झालेला असतो. आता ती लांब पळते त्या दिवशी आधी केळं खाते, आल्यावर दोन भाकऱ्या आणि घेवड्याची आमटी. पाळी सुरळीत व्हायला पाच महिने लागले.

ज्यांना मधुमेह आहे, इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी तर हा प्रश्न ग्रुपवर विचारूच नये. तो आपल्या डॉक्टरांनाच विचारायचा.

माझी आई कोरेगाव तालुक्यातली. आयुष्यभर शेतात. तिला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "आगं, सुगीला आम्ही दोन भाकरी जास्त खायचो न् पावसाळ्यात घरी बसलो की कमी. रोज कोण मोजतंय, आज किती सऱ्या खुरपल्या न् किती खायचं." मी दोन दिवस या बोलण्याचा विचार करत होते. तिचं खाणं त्या तासाच्या कामावर ठरत नव्हतं, हंगामावर ठरत होतं. आपण मात्र गडावरून उतरता उतरताच बक्षीस मागतो.

त्यावरून मी जे धरलं ते असं. १,५०० ठरवले, गड धरून, आणि सातही दिवस तेच. चढले तरी तेच, पावसामुळे राहिलं तरी तेच. खाण्याची वेळ मात्र बदलली. सकाळची न्याहारी आता गडानंतर अर्ध्या तासात आणि ती दिवसातली सगळ्यात भरगच्च. एक ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ किंवा दोन अंडी, वाटीभर दही. पूर्वी मी चहा-खारी खाऊन अकराला पुन्हा भुकेजायची. प्रथिनं वाढवली, किलोमागे एक ग्रॅमच्या थोडी वर, कारण वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि आपल्याकडच्या बायकांच्या ताटात आधीच डाळ कमी आणि भात जास्त. आपल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा सुक्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतका प्रथिनांनी भरलेला आहे, पावडरचे डबे मागवण्याआधी तो शिजवून बघा. शेंगदाणे चांगले, पण मूठभर म्हणजे तीस ग्रॅमला १७० कॅलरी. गप्पा मारताना तीन मुठी कधी होतात कळत नाही, म्हणून वाटीत काढून घेते.

दर तीन आठवड्यांनी कमरेचं माप आणि वजनाची सरासरी बघते. दोन्ही हललं नाही तर शंभर कमी करते. झोप बिघडली, जिना चढताना पाय जड वाटले, घरच्यांवर विनाकारण ओरडायला लागले तर शंभर-दीडशे वाढवते. हे शेवटचं माझा मुलगा मला सांगतो, माझ्या आधी त्याला कळतं. पाच महिन्यांत ६६ वर आलेय. मिसळ महिन्यातून एकदा, आणि ती गडाचं बक्षीस म्हणून नाही, मैत्रिणींबरोबर बसायला आवडतं म्हणून.

त्या मुलीला मी परवा भेटले. तिला विचारलं, गडावरून आल्यावर खरंच भूक लागते का? म्हणाली, "नाही ताई, पण शिल्लक दिसतात ना." तिच्या अॅपमधली घड्याळाची जोडणी आम्ही तिथेच, मंगळाईच्या देवळाजवळच्या कट्ट्यावर बसून काढून टाकली. येत्या रविवारी मात्र ती आमच्याबरोबर यवतेश्वरला येतेय, पहिल्यांदाच चौदा किलोमीटर. तिला सांगितलंय, निघताना केळं खाऊन ये, आणि परत आल्यावर थेट माझ्या घरी. भाकरी मी करते.